सात-चव्वेचाळीस

नातवाचा फोटो आला तेव्हा काळेकाका कारखान्यातल्या करड्या खोलीत चार काळ्या लटा हातात धरून उत्तरेच्या खिडकीपाशी उभे होते, आणि त्या चारांपैकी एकही लट खऱ्या अर्थाने काळी नाही, असं त्यांचं मत होत आलं होतं. एक निळ्याकडे झुकत होती, एक मातकट होती, तिसरीला कोळशाचा कोरडेपणा होता. चौथी बरी होती, पण बरी म्हणजे काळी नव्हे. कारखाना कलपाचा. रोजच्या मालातला थोडा कलप पांढऱ्या केसांच्या लटेला लावायचा, ती धुवायची, वाळवायची, मूळ नमुन्याशेजारी धरायची आणि मग काळेकाकांनी एकच शब्द उच्चारायचा: ‘चालेल’ किंवा ‘नाही’. तिसरा शब्द त्या खोलीत नव्हता. ‘अगदी तोच’ असं तर कुणी चुकूनही म्हणत नसे; दोन लटा अगदी एक आहेत असं म्हणणारा माणूस एक तर नवा असतो, नाहीतर विक्री खात्यातला. खोलीच्या भिंती करड्या, टेबल करडं, अंगातला डगला करडा, कारण शेजारी भडक काही असलं की डोळा फसतो. एका लटेकडे पाच सेकंदांपेक्षा जास्त बघायचं नाही. बघितलं तर डोळा तिच्या बाजूचा होतो. मग करड्या भिंतीकडे बघून तो पुसून घ्यायचा. काळेकाकांनी सदतीस वर्षं डोळे पुसण्यात घालवली होती. काळे हे त्यांचं आडनाव नव्हे. एकसष्टाव्या वर्षी त्यांचं डोकं कारखान्यातलं सर्वांत काळं डोकं होतं, म्हणून हे नाव पडलं. निवृत्तीनंतरही साहेबांनी त्यांना ठेवून घेतलं ते डोळ्यासाठी की डोक्यासाठी, यावर जेवणाच्या सुट्टीत दोन तट होते.

फोटोत पाच महिन्यांचा नातू पालथा पडून, मान वर काढून, कुणीतरी आपल्याला फसवलं आहे अशा चेहऱ्याने बघत होता. डोक्यावर बोटभरही नसलेले, नुकते उगवलेले केस. सात-चव्वेचाळीस, असं काळेकाकांच्या मनात आलं. नातू हा शब्द त्यानंतर आला. सात म्हणजे उजेड किती ते, पुढचा चार म्हणजे तांबं, आणि त्यापुढचा चार म्हणजे पुन्हा तांबं. हा रंग वर्षाकाठी जेमतेम पाच-सहा पेट्या खपायचा, तोही नाटकवाल्यांना. त्यांनी सवयीने करड्या भिंतीकडे बघितलं, पाचपर्यंत मोजलं आणि पुन्हा फोनकडे बघितलं. फरक पडला नव्हता. मग फोन वाजायला लागला. लेकीचाच होता. तिचं खरं नाव चांगलं भारदस्त होतं, पण घरात ती ठकी होती आणि एकतिसाव्या वर्षीही ठकीच राहिली होती.

“बघितलात?”

“बघितला. मान छान धरतो.”

“बाबा, मी मानेचं नाही विचारत.”

“फोनवर रंग खरा दिसत नाही, ठके. फोनमध्ये लाल चढतो.”

“काही चढत नाही. मी त्याच्यासमोर बसलेय. जन्मला तेव्हा काळे होते, ते गळले, आणि आता हे आलेत. दोन घरांत मिळून असलं एक डोकं नाही. तुमची सगळी हयात केसांत गेली म्हणून विचारते. असं होतं का?”

“कुणी काही म्हणालं?”

“कुणी काही म्हणत नाही, तोच तर ताप आहे. सासूबाई म्हणतात, ‘वेगळाच आहे हो पोरगा.’ एवढंच. दिवसातून सहा वेळा. शेजारणीला सांगतात, ‘आमच्याकडे नाहीत बाई कुणाचे असे.’ आणि सांगताना माझ्याकडे बघत नाहीत.”

“आणि जावई?”

“ते समंजस आहेत. फारच समंजस आहेत. परवा म्हणाले, आपण लग्नाआधीच्या गोष्टी कधी बोललोच नाही, नाही का? म्हटलं, बोलण्यासारखं काही असेल तर बोलणार ना. तर म्हणाले, तसं नाही, सहज.”

काळेकाकांच्या हातातल्या चार लटा एकमेकींत गुंतल्या होत्या. त्या सोडवायला हवा तेवढा वेळ त्यांनी घेतला.

“बाबा?”

“विचारून सांगतो,” ते म्हणाले.

“कुणाला विचारणार?”

“आहेत आमच्याकडे जाणकार.”

फोन ठेवल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की या विषयातला कारखान्यातला सर्वांत मोठा जाणकार आपणच आहोत, आणि नमुनाही आपणच. त्या दिवशी त्यांनी चारही लटांना ‘चालेल’ म्हटलं. सदतीस वर्षांत असं पहिल्यांदा झालं, आणि ते कुणाच्या लक्षातही आलं नाही, ही गोष्ट त्यांना संध्याकाळी घरी चहा करताना थोडी लागली.

लहानपणी ते काळेकाका नव्हते, तांब्या होते. आई काळी, वडील काळे, दोन्हीकडचे काका-मामा काळे, आणि त्यांच्यामध्ये हे एक घासलेल्या भांड्यासारखं डोकं. शाळेत हजेरीला नाव आलं की मागच्या बाकावरून घटाघटा पाणी प्यायल्याचा आवाज यायचा. पोरांचं एवढं काही नसतं, पोरं कुणालाही काहीही म्हणतात. मोठी माणसं मात्र हसून बोलायची. वडील वजनकाटे तपासणारे निरीक्षक होते. त्यांच्या पावलाची चाहूल लागली की बाजारातल्या तागड्या आपोआप सरळ होतात असं म्हणत. ते दुकानात शिरायचे, पितळी वजनं काढायचे, काटा मध्यावर येऊन थांबेपर्यंत श्वास रोखायचे आणि मगच शिक्का मारायचे. त्यांच्या पाठीमागे लोक एवढंच म्हणायचे, “सगळ्या गावाचे काटे तपासतात, घरचा तेवढा राहून गेला.” तांब्याला हे वाक्य कळायला अकरावं वर्ष उजाडलं, तोवर तो खरोखरच घरातला तागडीचा काटा शोधत असे. वडिलांनी ते ऐकलं होतं की नाही कुणास ठाऊक. ते दर दुसऱ्या रविवारी मुलाला न्हाव्याकडे न्यायचे आणि “शून्य” एवढंच सांगून रस्त्याकडे तोंड करून बसायचे. जमिनीवर दिवसभराच्या काळ्या केसांचा ढीग असायचा आणि त्यावर तांब्याचे केस पडायचे. न्हावी लगेच झाडू घ्यायचा. वडिलांनी आपल्याला कधी मारलं नाही हे काळेकाकांना नीट आठवत होतं. वडिलांनी कधी डोक्यावरून हात फिरवल्याचं आठवत नव्हतं. आई मात्र तेल घालायची, रोज, खूप. तेलाने रंग जरा दबतो. तिला कुणी काही म्हणालं की ती खाली बघून हातातलं काम थोडं जास्त वेगाने करायची. बोलणाऱ्याला उत्तर देता येतं, हसणाऱ्याला देता येत नाही.

एकोणिसाव्या वर्षी शहरात पहिली नोकरी लागली. पहिल्या पगारातून तांब्याने कलपाची बाटली घेतली आणि भाड्याच्या खोलीत, दार लावून, एका जुन्या दातब्रशने केसांना, भुवयांना आणि चुकून कानांनाही काळं केलं. आरशात एक बरा, कुणाच्याही लक्षात न राहील असा मुलगा दिसला. रस्त्यावरून तो तास-दीड तास नुसता चालला. कुणीही वळून बघितलं नाही. त्या दिवसासारखा आनंद पुढे आयुष्यात फार वेळा झाला नाही. मग सुट्टीत तो घरी गेला. आईने दार उघडलं. त्याला वाटलं होतं, ती कमीत कमी हसेल. तिच्या डोक्यावरचं ओझं आपण आपल्या डोक्यावरून उतरवलं आहे, अशा थाटात तो उंबऱ्यावर उभा होता. ती त्याच्याकडे बघत राहिली. पाच सेकंदांपेक्षा खूप जास्त.

“म्हणजे तुलाही तसंच वाटतं,” ती म्हणाली.

मग तिने त्याची पिशवी घेतली आणि जेवायला वाढलं. त्या वाक्याचा अर्थ त्याला परतीच्या प्रवासात, शहर आल्यावर लागला, आणि तोवर उशीर झाला होता. आता कलप काढून टाकावा, तर ‘तसं वाटलं होतं’ याचा तोही कबुलीजबाबच झाला असता; शिवाय कलप धुतल्याने जात नाही, तेच तर त्याचं वैशिष्ट्य. म्हणून तो लावत राहिला. पुढे कलपाच्याच कारखान्यात लागला, तिथे माल फुकट मिळायचा, आणि काळेकाका झाला.

लग्नानंतर चौथ्या दिवशी बायकोला न्हाणीघरात बाटली सापडली. त्यांनी सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, “एवढंच ना? मला वाटलं तुम्ही वय चोरलंत.” तेव्हापासून दर रविवारी सकाळी ते स्टुलावर बसायचे, चष्मा काढायचे, पुढचं स्वतः लावायचे आणि मागचं ती लावायची. ते विचारायचे, “मुळं कशी आहेत?” ती म्हणायची, “आहेत तशीच आहेत. मान खाली करा.” उन्हाळ्यातही पूर्ण बाह्यांचा सदरा. ठकी चार-पाच वर्षांची असताना तिने एकदा त्यांच्या मनगटावरचे केस ओढून विचारलं होतं, हे असे का? तेव्हा कारखान्यातल्या रसायनांनी जळले, असं त्यांनी सांगितलं, आणि पोरीने त्यानंतर चार दिवस त्यांच्या हातावर फुंकर घातली. ती जन्मली तेव्हाही त्यांनी पहिले सहा महिने रोज तिच्या केसांची मुळं तपासली होती. काळी. पक्की काळी, फक्त उन्हात उभी राहिली की कडेला किंचित ऊब दिसायची, आणि ती त्यांच्याशिवाय कुणाला दिसण्यासारखी नव्हती. “सुटलो,” ते एका सकाळी म्हणाले. “कशातून?” बायकोने विचारलं. त्यांनी पोरीला उन्हातून सावलीत घेतलं. बायकोला जाऊन आता चार वर्षं झाली होती, आणि तेव्हापासून मागचंही ते स्वतःच चाचपडत लावत होते.

आणि हे सगळं मुळात कसं होतं, हे त्यांना पस्तिसाव्या वर्षी कळलं. कारखान्याने संशोधन विभागातल्या बाईंचं व्याख्यान ठेवलं होतं, जेवणघरात, उपस्थिती सक्तीची. बाई ठेंगण्या होत्या आणि समोरची माणसं डुलक्या घेत आहेत याचं त्यांना काही वाटत नव्हतं. केसात मुळात रंग दोनच, त्या म्हणाल्या; एक काळा-तपकिरी, एक तांबूस. केसाच्या मुळाशी रंग करणारे कारागीर बसलेले असतात. त्यांना सोडलं तर ते तांबूसच करत बसतील. काळं करायचा हुकूम यावा लागतो. तो हुकूम घंटेने येतो. प्रत्येकाला जन्मतः अशा दोन घंटा मिळतात, एक आईकडून, एक वडिलांकडून. एक जरी धड वाजली तरी काम भागतं, केस काळे होतात. दुसरी मुकी असली तरी कुणाला पत्ता लागत नाही. ती मुकी घंटा घरात आजोबा-पणजोबांपासून उतरत येते, पिढ्यान्‌पिढ्या, सगळी डोकी काळीभोर. मग कधीतरी असल्या दोन घरांची सोयरीक होते, आणि चार पोरांत एखाद्याच्या वाट्याला दोन्ही मुक्या येतात. “बाकी बारीकसारीक कारभारी आणखी शंभर आहेत,” बाई म्हणाल्या, “काळा किती काळा, तपकिरी किती तपकिरी, ते ते ठरवतात. पण तांबड्याचं मुख्य हे असं.”

काळेकाकांनी हात वर केला. कारखान्याच्या इतिहासात व्याख्यानाला प्रश्न विचारला जाण्याची ती पहिलीच वेळ होती, त्यामुळे काही लोक जागे झाले.

“एकाच घरातून आली तर?”

“मग केस काळेच. तांबडे व्हायला दोन्हीकडून यावी लागते.”

“म्हणजे बापाकडूनही?”

“बापाकडून नाही तर काय शेजाऱ्याकडून?” बाई म्हणाल्या. सगळे हसले. बाईंना मात्र शास्त्राची चाड होती. हसू थांबल्यावर त्यांनी पुस्ती जोडली, “अर्थात शेजाऱ्याकडेही असू शकते. बाप कोण, ते घंटा सांगत नाही. फक्त एवढंच की आई-बाप दोघे काळे असले तरी पोर तांबडं होऊ शकतं, आणि त्यात आईने काही केलेलं नसतं.”

आई जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. काळेकाका पुढच्याच रविवारी वडिलांकडे गेले. वडील निवृत्त होते. जुनी पितळी वजनं वर्तमानपत्रावर मांडून पुसत बसले होते. ती आता कुठल्याच तागडीत चालणारी नव्हती, पण चकाकत होती. काळेकाकांनी घंटेचं सगळं सांगितलं. वडील ऐकताना तेच एक वजन पुसत राहिले. शेवटी हातातलं वजन खाली ठेवून म्हणाले, “म्हणजे माझ्याकडून अर्धं.”

“यायला हवं.”

“हवं की आहे?”

आणि इथे काळेकाकांचं चुकलं. तिथे बसलेला मुलगा नव्हता, करड्या खोलीतला माणूस होता; ज्याला माहीत आहे त्यापेक्षा तसूभरही जास्त बोलायची ज्याला चोरी आहे. त्यांनी प्रामाणिकपणे विचार केला आणि म्हटलं, “शक्यता आहे. दाट शक्यता आहे.”

वडिलांनी वजन पुन्हा उचललं. “शक्यतेवर शिक्का मारत नाहीत,” ते म्हणाले. बराच वेळ ते पितळ घासत राहिले. मग मान वर न करता म्हणाले, “तिला सांगायला हवं होतं.” कुणी सांगायला हवं होतं, ते त्यांनी म्हटलं नाही, आणि काळेकाकांनी विचारलं नाही. दोघांनी चहा घेतला. पुढच्या वर्षी वडीलही गेले. एक शब्द तोंडातून काढला असता तर काय बिघडलं असतं, याचा विचार काळेकाकांनी नंतर पुष्कळदा केला. ‘आहे’ हा काही फार मोठा शब्द नाही. रोज माणसं तो दहा-वीस वेळा, काहीही माहीत नसताना, वापरतात.

तेव्हा ठकीला आता हे असं अर्धवट, फोनवर, शक्यतेच्या गोष्टी करत सांगायचं नाही, असं त्यांनी ठरवलं. विहीणबाई, जावई, शेजारीण, सगळ्यांसमोर नमुनाच ठेवायचा. कलप बंद. सहा आठवड्यांत केस अर्ध्या बोटाएवढा वाढतो. तेवढं तांबं डोक्यावर दिसलं की कुणाला काही सांगावं लागणार नाही. या विचाराने त्यांना इतकं हलकं वाटलं, की त्या रविवारी सकाळी ते स्टुलावर नुसतेच जाऊन बसले आणि थोड्या वेळाने उठले. लेकीचा फोन आला तेव्हा त्यांनी तो उचलला नाही. उचलला असता तर तोंडून काहीतरी निघून गेलं असतं. दुसऱ्यांदा आला, तिसऱ्यांदा आला. मग यायचा थांबला. त्यांनी तिला निरोप पाठवला: ‘चौकशी चालू आहे. तब्येतीला जप.’ हे वाक्य त्यांना पुरेसं वाटलं होतं.

कारखान्यात तिसऱ्या आठवड्यापासून लोक जरा हळू आवाजात बोलू लागले. “काळेकाका, बरं नाही का?” एकीने विचारलं. साहेबांनी आत बोलावून, इकडचं तिकडचं बोलून, शेवटी म्हटलं, “तुमच्याकडे बघून लोक माल घेतात हो.” काळेकाका हसले. घरी आरशात त्यांना भांगाजवळ एक फिकट रेघ दिसत होती, पण न्हाणीघरातला दिवा पिवळा, आणि पिवळ्या दिव्याखालचं काहीही खरं मानायचं नाही हा त्यांचा धंद्याचा नियम. म्हणून पाचव्या आठवड्यात, जेवणाच्या सुट्टीत, खोलीत कुणी नसताना, त्यांनी भांगातले दहा-बारा केस मुळाशी कापले, उत्तरेच्या खिडकीशी नेले, आणि अंधाऱ्या खणातून सात-चव्वेचाळीसचा मूळ नमुना काढून शेजारी धरला.

“नाही,” ते म्हणाले. आवाज खोलीत थोडा मोठा वाटला.

पांढरे होते. किंचित पिवळसरही नाही, राखीही नाही. ज्या पांढऱ्या लटांवर ते रोज कलप तपासत, त्याच जातीचे, बिनतोड पांढरे. लोक अभिमानाने सांगतात की आमचे केस काही उन्हात पांढरे झालेले नाहीत. काळेकाकांचे कलपाखाली झाले होते, आणि त्यांना कुणी कळवलं नव्हतं. दर रविवारी कलप लावायचा तर चष्मा काढावा लागतो, आणि चष्मा काढल्यावर दिसतं ते एक डोकं आहे इतपत. छातीवरचे, हातावरचे केस पांढरे झालेले त्यांनी बघितले होते, पण ते अंगावरचे. डोक्यावर, त्या काळ्या झाकणाखाली, एकोणीस वर्षांचं तांबं जसंच्या तसं ठेवलेलं आहे, असं ते इतकी वर्षं बिनदिक्कत धरून चालले होते. दुसऱ्यांच्या केसांतला केसाएवढा फरक ओळखायचा पगार घेणारा माणूस! कारागीर कधीच काम सोडून गेले होते. कधी? दहा वर्षांपूर्वी? पंधरा? ‘मुळं कशी आहेत?’ ‘आहेत तशीच आहेत. मान खाली करा.’ तिने बघितलं होतं. पहिला पांढरा तिने बघितला असणार, मग दुसरा, मग ते विझत जाणं पार शेवटच्या तांबड्या केसापर्यंत, दर रविवारी, मानेमागे उभी राहून. आणि तेवढ्याच आवाजात, तेवढ्याच घाईने तेच वाक्य म्हणत राहिली होती. नवऱ्याला जे लपवायचं आहे ते आता उरलेलंच नाही, हे त्याच्यापासून तिने लपवलं होतं. त्यांनी नमुना खणात ठेवला. करड्या भिंतीकडे बघितलं. डोळा पुसून होईना. लहानपणचे फोटो घरात दोन होते; दोन्हीत डोकं भादरलेलं, आणि फोटो काळे-पांढरे. न्हावी गेला, आई गेली, वडील गेले, ती गेली. शाळेतली पोरं कुठे पांगली ते ठाऊक नव्हतं; ते तांबडं डोकं बघितलेला एकही माणूस आता हाताशी नव्हता. एक लबाडी माणसाने किती नीट, किती मेहनतीने करावी, तर शेवटी खरं सांगायची पाळी आली तेव्हा ते खोटं वाटावं.

पुढच्या सुट्टीला ते लेकीच्या शहरात गेले. टोकांना काळे आणि मुळाशी अर्धं बोट पांढरे असं डोकं घेऊन ते दारात उभे राहिले, आणि दार नेमकं विहीणबाईंनी उघडलं.

“अगंबाई! या, या. डोक्याला काय झालं हो?”

“त्याच्यासाठीच आलोय,” काळेकाका म्हणाले. बसले तर बोलणं होणार नाही हे त्यांना ठाऊक होतं, म्हणून चपलाही न काढता तिथेच उभं राहून त्यांनी सांगायला सुरुवात केली. आतून जावई आले. ठकी पोराला खांद्यावर घेऊन स्वयंपाकघराच्या दारात येऊन थांबली. ती वाळली होती. त्यांनी तांब्यापासून घंटेपर्यंत सगळं सांगितलं. एकदा मागचं पुढे झालं, पण सांगितलं.

विहीणबाईंनी त्यांच्या डोक्याकडे नीट बघितलं. “पण हे तर पांढरे आहेत.”

“हो.”

“मग तांबडे कुठेयत?”

“गेले.”

“म्हणजे दाखवायला काही नाही.”

“काही नाही. आणि एकट्या माझ्याने भागतही नाही. निम्मं तुमच्याकडचं आहे.”

“आमच्याकडे बाई कुणाचेच—”

“आमच्याकडेही कुणाचेच नव्हते, विहीणबाई. माझी आई तेहेतीस वर्षं त्याच वाक्याखाली जगली.”

विहीणबाई दारातून बाजूला सरकल्या. पटलं म्हणून की दारात तमाशा नको म्हणून, ते कळण्यासारखं नव्हतं. जावयांनी घसा साफ केला. समंजस माणूस, त्याच्या कपाळावर एक शीर उडत होती.

“बाबा, हे... म्हणजे नक्की असंच आहे?”

ठकीकडे एक मुकी घंटा आहे, हे नक्की होतं. पुढचं, या घरात ती आहे की नाही, हे काळेकाकांना माहीत असण्याचं काही कारण नव्हतं. दाट शक्यता होती. त्यांनी जावयाच्या डोळ्याला डोळा भिडवला.

“आहे,” ते म्हणाले. “शंभर टक्के. कागदावर लिहून देतो.”

जावयांनी मान हलवली, आणि बघता बघता त्यांचा चेहरा असा सैल पडला, की हा माणूस गेले दोन महिने नीट झोपलेला नाही हे काळेकाकांना दिसलं. विहीणबाई आत जाऊन पाणी घेऊन आल्या. मग काळेकाकांनी चपला काढल्या.

स्वयंपाकघरात ठकी त्यांच्याशी पाठ करून बोलत होती.

“आईला माहीत होतं?”

“होतं.”

“आणि मला नाही.”

“नाही.”

“सहा आठवडे, बाबा. फोन उचलत नव्हतात. ‘चौकशी चालू आहे’! कसली चौकशी? मला वाटलं तुम्हीही त्यांच्यातलेच झालात. रोज त्या सहा वेळा ‘वेगळाच आहे हो’ ऐकून घेत होते ना, त्यापेक्षा तुमच्या त्या एका निरोपाने जास्त झोप उडाली.”

“उगवायची वाट बघत होतो, ठके. दाखवायला.”

“मी कधी मागितलं होतं दाखवायला? नुसतं सांगितलं असतं तरी चाललं असतं मला.” ती वळली. डोळे लाल होते, पण आवाज कोरडा होता. “आणि एक सांगा. याचं डोकं बघितल्यावर तुम्हाला लाज वाटली?”

ते प्रामाणिकपणे विचार करू लागले आणि मग त्यांनी तो विचार सोडून दिला. “भीती वाटली,” ते म्हणाले. “पोराची नव्हे. आता सांगावं लागणार, याची.”

माफ केलं असं वाटण्यासारखं तिच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. मग तिने पोर त्यांच्या हातात दिलं. “याला जरा फिरवून आणा. मला थोडा वेळ एकटीला बसू दे.”

रस्त्यावर ऊन स्वच्छ होतं. पोर जड होतं, उबदार होतं, आणि त्याच्या डोक्यावर सगळं ऊन येऊन बसल्यासारखं दिसत होतं. माणसं वळून बघत होती. बेचाळीस वर्षांनी बघत होती. काळेकाकांचे पाय आपोआप भिंतीच्या कडेने चालायला लागले. मग ते मुद्दाम रस्त्याच्या मध्ये आले. कोपऱ्यावर किल्ल्या करून देणाऱ्याने कानस थांबवली. “अरे वा! हा कुणावर गेलाय हो आजोबा?”

“माझ्यावर,” काळेकाका म्हणाले.

किल्लीवाल्याने त्यांच्या काळ्या-पांढऱ्या डोक्याकडे बघितलं आणि तो खदखदून हसला. “भारी आहात!”

फळवालीने तेच विचारलं. तिलाही त्यांनी तेच सांगितलं. तीही हसली, आणि चेष्टा आवडली म्हणून पोराच्या हातात एक संत्रं दिलं, ते त्याला धरता आलं नाही. औषधांच्या दुकानातली मुलगी हसली नाही; नुसतं “हं” म्हणाली आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळली. काळेकाका पुढे गेले. चौथं दुकान चपला शिवणाऱ्याचं होतं. तो आपल्या कामात होता. त्याने मान वर करून बघितलंही नाही, विचारलंही नाही. काळेकाका तिथे थांबले. पोराला या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं, आणि त्याच्या दाभणाचा टाका पुरा होऊन हात रिकामा होईपर्यंत वाट बघून, आपण होऊन त्याला सांगितलं.